दुखणं अंगावर काढू नको

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "ताई, पाळी आली की दोन दिवस मी माणसात नसते," आणि लगेच परीक्षेच्या टाइमटेबलवर गेलीस. मामा शेजारी बसले असणार, हे तुझ्या दबक्या आवाजावरून कळलं, म्हणून मीही विषय वाढवला नाही. पण तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आज सवडीनं लिहायला बसले आहे. आधी तू वाच, मग मामीला वाचायला दे. मामांच्या हाती पडलं तरी लपवू नको.

माणसात नसते म्हणजे नेमकं काय होतं तुला? ओटीपोटात कळा येतात की कंबरेतून मांड्यांपर्यंत ओढ लागते? पाळी सुरू झाल्यावर दुखतं की दोन-चार दिवस आधीपासूनच सुरू होतं? उलट्या होतात का, चक्कर येते का? त्या दिवसांत संडासला बसलीस की आतून कळ उठते का? लघवी करताना दुखतं का? गोळी घेतल्यावर आराम पडतो की दुखणं गोळीलाही दाद देत नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहावीत असताना जेवढं दुखायचं तेवढंच आजही दुखतं, की दर वर्षी वाढत चाललंय? यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या दवाखान्यात गेलीस तर चांगली डॉक्टर हेच विचारेल, आणि तू "पोट दुखते" एवढंच सांगून मान खाली घातलीस तर तिलाही पुढचं काही कळायचं नाही.

पाळीत थोडंफार दुखणं बहुतेकींना असतं. आतलं अस्तर बाहेर टाकायला गर्भाशय आकुंचन पावतं. त्यासाठी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यांनी कळा येतात. पहिले दोन दिवस, फार तर तिसरा. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं-फिरणं, एखादी गोळी, एवढ्यावर निभतं आणि पोरगी आपल्या कामाला लागते. पण जे दुखणं तुला कॉलेजला जाऊ देत नाही, घास गिळू देत नाही, रात्री झोपू देत नाही, आणि दर महिन्याला हेच, ते साधं नाही. त्याच्यामागं काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं. "आईला दुखायचं, आजीला दुखायचं, तुलाही दुखणारच," असं आपल्या घरात म्हणतात. ते ऐकून मला तर जास्तच काळजी वाटते, कारण मी ज्या आजाराबद्दल सांगणार आहे तो आई-बहिणीला असला तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. आजीनं जन्मभर सोसलं, पण तिला काय झालं होतं हे कधी कुणी तपासलं होतं का?

या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. नाव तोंडात बसायला वेळ लागेल, पण पाठ कर. डॉक्टरसमोर "मला हे तर नसेल ना?" असं विचारता आलं पाहिजे.

गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते रक्तासोबत बाहेर पडतं, तीच पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. बीजकोशावर, गर्भनलिकांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. बांधीत पडायचं धान धुऱ्यावर पडून रुजावं, तसं. त्या पेशीही पाळीच्या संप्रेरकांनी वाढतात, त्यांतूनही रक्त येतं. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर यायला वाट असते, या रक्ताला नसते. मग तिथं सूज येते, व्रण पडतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटून बसतो. बीजकोशात असं जुनं रक्त साचून गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, कारण आतलं रक्त काळपट आणि दाट झालेलं असतं. आता कळलं का, संडासला बसल्यावर दुखतं का हे मी का विचारलं? आतड्याजवळ हे रुजलेलं असलं तर पाळीत तिथंच कळ येते. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव: आत आजार किती पसरलाय आणि दुखतं किती, याचा मेळ बसतोच असं नाही. एखादीच्या पोटात दोन-चार ठिपके असतात आणि ती गडबडा लोळते. दुसरीला मोठी गाठ असते आणि तिला काही जाणवतच नाही. म्हणून "एवढंसं तर आहे, एवढं कसं दुखेल?" असं तुला कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नको.

हे कशानं होतं, याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन नावाच्या डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. पण रक्त असं उलटं बहुतेक सगळ्याच बायकांचं जातं, आजार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणजे आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती असं आणखी काहीतरी त्यात आहे. मुंबईत परळला आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत आपल्या देशातल्या बायकांमध्ये हा आजार कसा दिसतो, याचा अभ्यास करताहेत. कशानं होत नाही, हे मात्र नक्की सांगते. पाळीत दही खाल्ल्यानं होत नाही, थंड पाण्यानं न्हाल्यानं होत नाही, लोणच्याला हात लावल्यानं होत नाही, चिखलात उभं राहून रोवणा केल्यानंही होत नाही. पीसीओडी म्हणजेही हे नव्हे, तो वेगळा आजार आहे. तुझ्या हातून काही चुकलं म्हणून हे आलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येणाऱ्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार असतो. जगभरात मिळून १९ कोटी. आता आपल्या जिल्ह्याचा हिशोब कर. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात १२ लाख माणसं होती. निम्म्या बाया म्हटलं तर ६ लाख. त्यातल्या निम्म्या पाळीच्या वयातल्या धर, ३ लाख. दहात एक म्हणजे ३० हजार. ढोबळ हिशोब आहे आणि जनगणनाही जुनी झाली. तरी तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सात तालुक्यांत एवढ्या जणी असतील, तर त्यातल्या किती जणींनी हे नाव ऐकलं असेल? तुझ्या वर्गातल्या मुलींना विचारून बघ. पहिल्यांदा दुखायला लागल्यापासून आजाराचं नाव कळेपर्यंत सहज सात-आठ वर्षं निघून जातात, आणि हे मोठमोठ्या शहरांतही होतं.

आपल्या भागातली एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. लाखांदूरहून वडसा जवळ, वडशाच्या पुढं गडचिरोली. तिकडंही आपल्यासारखंच धान, तीच झाडीपट्टी. तिथं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, आणि १९८९ च्या जानेवारीत तो अभ्यास लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १०० तल्या ९२ बायकांना पाळीचा, गर्भाशयाचा किंवा जननमार्गाचा कोणता ना कोणता आजार निघाला. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि आधी कधी या दुखण्यासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया १०० त अवघ्या ८. ते आकडे एकट्या एंडोमेट्रिओसिसचे नव्हते, निम्मा वाटा तर जंतुसंसर्गाचा होता. पण मला त्यातला आणखी एक आकडा फार बोचतो: त्या बायकांपैकी ४५ टक्के जणींनी आपल्याला काही त्रासच नाही असं सांगितलं होतं. तक्रार नाही, आणि आजार मात्र घरोघरी. बाईच्या जातीला हे असायचंच, असं इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं की विचारलं तरी सांगावंसं वाटत नाही. जगातल्या डॉक्टरांचं लक्ष गावाकडच्या बायकांच्या या दुखण्यांकडे ज्या अभ्यासानं वेधलं, तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे, आणि आपण मात्र अजून कुजबुजतो.

मागच्या रोवण्याच्या वेळी मी धुऱ्यावर उभी होते. बांधीत बायांची रांग वाकून पऱ्हे रोवत मागं मागं सरकत होती. त्यातली एक जण थोड्या थोड्या वेळानं सरळ व्हायची, कंबरेचा पदर सोडून ओटीपोटावर पुन्हा आवळून बांधायची, ओठ दाबून परत वाकायची. तिची ओळ मागं पडली की शेजारची बाई एक शब्द न बोलता तिच्या वाट्याच्या दोन काड्या रोवून टाकायची. रोवणा ठेक्यानं घेतलेला, एक बसली की बाकीच्यांवर भार. दुपारी डबे उघडले तेव्हा तिनं कागदाच्या पुडीतली गोळी काढली आणि उपाशीपोटीच घेतली. कसली गोळी म्हणून विचारलं, तर दुकानातून पोटदुखीची म्हणून आणलेली, नाव माहीत नाही. "आमचं असंच राह्यते, बाई," एवढं बोलून ती उठली. डबा तसाच होता.

तेव्हा आता गोळ्यांचं ऐक. पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या देतात, कारण त्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्या वेळेवर घेतल्या तरच नीट लागू पडतात, म्हणजे दुखणं सुरू होताच. सोसवेनासं झाल्यावर घेतली की अर्धा उपयोग जातो. खाऊन घ्यायची, आणि दिवसातून किती, किती दिवस, हे डॉक्टरकडून लिहून घ्यायचं. मेफेनॅमिक ॲसिडनं क्वचित कुणाला गंभीर ॲलर्जी होते, अंगावर पुरळ, ताप. २०२३ च्या अखेरीस सरकारी यंत्रणेनं डॉक्टरांना आणि लोकांना तसा इशाराही दिला होता. असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखान्यात जायचं. आणि दर महिन्याला गोळ्यांची अख्खी पट्टी संपत असेल, तर तेवढ्यावरूनच तपासायची वेळ झाली असं समज.

आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. तुमच्याकडं सगळ्यांची तपासणी झाली आहे ना? नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घे. सिकलसेल असलेल्या मुलीला पाळीच्या दिवसांत सिकलसेलच्याही कळा उसळू शकतात, मग दुखणं कशाचं हेच उमगत नाही. या वेदनाशामक गोळ्या अशा मुलींनी आपल्या मनानं घेऊ नयेत, मूत्रपिंडाला धोका असतो. कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर सिकलसेलचं कार्ड आधी टेबलावर ठेवायचं. रक्त कमी असण्याचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. त्यात पाळीला भरमसाट जात असेल तर अंगात त्राण कुठून राहणार? तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आठ दिवसांनीही थांबत नसेल, तर हिमोग्लोबिन तपासून घे.

आता एक काम सांगते, ते आजपासून कर. मामीच्या स्वयंपाकघरात दुधाचा हिशोब लिहायला कालनिर्णय टांगलेलं असतं. तसंच एक तुझ्या खोलीत लाव, किंवा वहीची दोन पानं घे. त्यावर लिहायचं: १४ तारीख, सुरू झाली, दुखणं १० पैकी ८, सकाळी एक गोळी, दुपारी दुसरी, उलटी एकदा, कॉलेज बुडालं. १५ तारीख, दुखणं ७, संडासला जाताना ९. पाळी नसताना मधेच दुखलं तर तेही लिही. असं दोन-तीन महिन्यांचं लिहिलेलं असलं की डॉक्टरसमोर तुला रडावं लागत नाही, समजावून सांगावं लागत नाही, कागद पुढं करायचा. "जास्त दुखते" या शब्दांवर कुणी वाद घालू शकतं, तारीखवार लिहिलेल्यावर घालता येत नाही.

कुणाकडं जायचं? आशाताईंशी बोल, त्या गावातल्याच, त्यांना उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता पाठ असतो. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं पाळीबद्दल मोकळेपणानं विचारता येतं. तुमसर-साकोलीला स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून घ्यायचं, म्हणजे फेरी वाया जात नाही. भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालंय. त्यापुढं लागलंच तर नागपूर, ६० किलोमीटर. तिथं मोठी सरकारी रुग्णालयं आहेत: मेडिकल आहे, मेयो आहे, डागा आहे, एम्स आहे. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायचं.

तपासणीची भीती वाटते ना? मुलींना दवाखान्याची नाही, त्या पडद्यामागच्या टेबलाची भीती असते. तर ऐक. डॉक्टर "लग्न झालंय का?" असं विचारतात, कारण संबंध आलेला नसेल तर आतून तपासणी करत नाहीत. तुझी सोनोग्राफी पोटावरूनच होईल. कोणतीही तपासणी तुझ्या होकाराशिवाय करता येत नाही, आणि मामीला किंवा सिस्टरला शेजारी उभं राहू द्या, असं तू म्हणू शकतेस. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, पण बारीक ठिपके किंवा चिकटलेलं बरेचदा दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही झालं" असं ऐकलंस आणि तरी दुखतच राहिलं, तर तिथं थांबू नको. पुढं एमआरआय असतो. लागलंच तर दुर्बिणीतून तपासणी असते, तीही बेंबीजवळ आणि ओटीपोटावर बारीक छिद्रं पाडून. त्यानं कौमार्याला काही होत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण हीच भीती घालून मुलींना घरी बसवतात. आणि आता तर जाणकार डॉक्टर दुर्बिणीची वाट न पाहता लक्षणांवरून औषध सुरू करून बघतात. ओटीपोटाच्या दुखण्याला दुसरी कारणंही असतात, जंतुसंसर्ग, गर्भाशयाचा टीबी. म्हणून तपासणी चुकवायची नाही. अचानक न सोसणारी कळ आली, सोबत ताप असला, घेरी आली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं.

उपचार आहेत. हा आजार मुळासकट जाईल असं औषध अजून निघालेलं नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण दुखणं आटोक्यात येतं, आजाराची वाढ रोखता येते. संप्रेरकांच्या गोळ्या देतात, डायनोजेस्ट नावाची गोळी बरीच वापरतात, काहींना गर्भनिरोधक गोळ्या देतात. आता मामी दचकेल. लग्नाआधी गर्भनिरोधक गोळ्या! पण त्या इथं पाळीचं दुखणं थांबवायला दिलेल्या असतात. त्या घेतल्यानं पुढं मूल होत नाही, हा समज खोटा आहे. बंद केल्या की पाळी पूर्ववत होते. मात्र रक्तदाब, अर्धशिशी, सिकलसेल असेल तर सगळ्याच गोळ्या चालत नाहीत, म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घ्यायची नाही. सुरुवातीला मधेमधे डाग पडतात, कुणाचं मन उदास होतं, तेही डॉक्टरला सांगायचं. गाठ मोठी असली किंवा औषधानं भागत नसलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन करून रुजलेलं काढतात, चिकटलेलं सोडवतात.

आणि ते जे सगळे सांगतात, "लग्न झालं की राहते, एक लेकरू झालं की मोकळं होते", त्यावर विश्वास ठेवू नको. गरोदरपणी पाळी नसते म्हणून काही जणींना त्या महिन्यांत बरं वाटतं. पाळी परत आली की दुखणंही परत येऊ शकतं. लग्न हा काही औषधोपचार नव्हे, आणि दुखण्यावर उतारा म्हणून एका पोरीचं शिक्षण तोडून तिला सासरी पाठवणं मला पटत नाही, कधीच पटणार नाही. उलट या आजारात लग्नानंतर संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखू शकतं. त्याबद्दल नव्या नवरीला कुणाशी बोलता येत नाही. नवऱ्याला वाटतं हिला मी आवडत नाही. कित्येक संसारांत एवढ्यावरून अबोला धरलेला असतो. मूल राहायला काहींना अडचण येते हे खरं, पण बऱ्याच जणींना दिवस राहतात, काहींना उपचारानं राहतात. लवकर ओळखलं तर हातात वेळ असतो.

याहून मोठी धास्ती मला गर्भपिशवी काढण्याची वाटते. आपल्याकडं तिशी-पस्तिशीतल्या बाया सहज म्हणतात, "पिशवीच काढून टाकली, कटकट गेली." बीडचं ऐकलं असशील. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड लावतो, मग पाळी नको, दुखणं नको. अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईलाही कॅन्सरची भीती घातली जायची. आपल्याकडं ऊस नसेल, पण ठेक्याचा रोवणा आहे, विडीची मजुरी आहे, खाड्याची भीती तीच आहे. आणि एंडोमेट्रिओसिस तर गर्भाशयाच्या बाहेर रुजलेलं असतं. नुसती पिशवी काढून ते जाईलच, असं नाही. सोबत बीजकोश काढले तर ऐन तरुणपणी रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयावर परिणाम होतो. काही बायकांना ते ऑपरेशन खरंच लागतं. पण कुणीही पहिल्याच भेटीत "काढून टाकू" म्हटलं, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं. हे तुझ्यासाठी नाही, मामीसाठी लिहितेय. तिची मागच्या वर्षी काय कुरकुर चालली होती ते मला माहीत आहे. चाळिशीजवळ गर्भाशयाच्या भिंतीतच असं अस्तर शिरण्याचाही एक प्रकार असतो, त्यात रक्त फार जातं. तिलाही सोबत घेऊन ये.

आणखी एक मनातलं. २०१८ च्या महिला दिनापासून अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळायला लागले. चांगलं झालं. पॅड कसं वापरायचं, कुठं टाकायचं, हे शाळेत सांगितलं गेलं. किती दुखलं म्हणजे बाईंना सांगायचं, हे कुणी सांगितलं का? मे महिन्याची २८ तारीख मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळतात, पण तेव्हा शाळा बंद असतात आणि बाया तेंदूपत्त्याला गेलेल्या असतात. मार्च हा जगभर एंडोमेट्रिओसिसच्या जागृतीचा महिना, पिवळी फीत लावतात. तुमच्या कॉलेजात ८ मार्चला भाषणं होतातच. त्यातला अर्धा तास मागून घे. एखाद्या डॉक्टरांना बोलवा आणि मुलग्यांनाही बसू द्या. उद्या त्यांच्यातलाच कुणी बाईच्या अंगावर सुट्टीचा अर्ज फेकणारा साहेब होणार आहे, कुणी मेडिकल दुकानात बसणार आहे, कुणी नवरा होणार आहे. तू बोललीस तर तुझ्यामागून दोघी-तिघी हळूच येऊन "मलाही असंच होतं" म्हणतील. त्यांना हेच सांग, वहीत लिहा.

तर आता असं कर. या महिन्याची पाळी वहीत लिही, पुढच्या महिन्याचीही. त्यानंतरच्या सोमवारी तू आणि मामी सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला या. मी स्टँडवर येईन. जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, सिकलसेलचं कार्ड, रेशनकार्ड, सगळं एका पिशवीत. रिकाम्या पट्ट्या टाकून देऊ नको, नावं त्यावरूनच कळतात. पोटावरच्या सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. घरूनच पिऊन निघालीस तर एसटीत हाल होतील, म्हणून पाणी भंडाऱ्यात उतरल्यावर, नंबर लागल्यावरच प्यायचं. मामांना मी संध्याकाळी फोन करते. काय सांगायचं ते माझ्यावर सोड, आणि मी खरं तेच सांगणार आहे.